टवक्या सशाचा दहावा

मुलांनो, लढाईतलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही. झाडून सगळ्या लढाया मी वाचल्यात. आता, त्या भज्यांच्या पुडीच्या कागदावर वाचल्या आणि निम्मी अक्षरं तेलात गेली होती, ती गोष्ट वेगळी.

तर एका जंगलात एका बोरीवरून ससे आणि साळिंदरं यांची जुंपली होती. तीन वर्षं ससे खंदकात बसून होते. पलटणीला एक भटजी होते, ढोकशास्त्री. लांब चोच, चोचीवर चष्मा. कावळा रोज पेपर आणून टाकायचा, दहा दिवसांचा शिळा. आरती झाली की शास्त्रीबुवा तो वाचून दाखवायचे. आपण जिंकतोय हे सशांना त्यावरूनच कळायचं.

एकदा पेपरात आलं, टेकडी आपण घेतली. ससे डोकं वर काढून बघतात, तर टेकडीवर साळिंदरं ऊन खात बसलेली. शास्त्रीबुवा म्हणाले, त्यांनी अजून पेपर वाचला नसेल.

पलटणीत टवक्या नावाचा ससा होता. घरी त्याला पिल्लू झालं होतं, त्याचं तोंडही त्यानं पाहिलं नव्हतं. सात वेळा त्यानं सुट्टी मागितली. सुभेदार गवा सातही वेळा नाही म्हणाले. मग टवक्या रोज आपली अर्धी भाकरी कावळ्याला घालायचा आणि त्याच्याशीच घरचं बोलत बसायचा.

एक दिवस शास्त्रीबुवांनी वाचलं, शूर टवक्या धारातीर्थी पडला.

टवक्या शेजारीच बसला होता. "बुवा, मी हा काय इथं."

"पेपर दहा दिवसांचा आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "म्हणजे आज तुझा दहावा. सरक जरा, पिंड मांडू दे."

पिंड मांडला. कावळा फांदीवर आला, पण शिवेना. तो शिवल्याशिवाय पलटणीला जेवण नाही. दुपार कलली. सुभेदारांनी हात जोडून कबूल केलं, खंदकाला टवक्याचं नाव देऊ. कावळा ढिम्म. मग म्हणाले, पुतळा उभारू. कावळ्यानं पंख साफ करायला घेतले.

शेवटी शास्त्रीबुवांनी मयतालाच विचारलं, "बाबा रे, तुझी काही इच्छा राहिलीय का?"

"सुट्टी," टवक्या म्हणाला.

"दिली," भुकेले सुभेदार म्हणाले.

कावळा झपकन शिवला. टवक्या तर तोवर ओढ्यापलीकडे गेलासुद्धा.

तात्पर्य (हे शास्त्रीबुवांनी उरलेल्या सशांना सांगितलं): छापून आलेल्यावर श्रद्धा ठेवावी. जिवंत असतो तो अर्ज करत बसतो. धारातीर्थी पडतो तो दिवेलागणीच्या आत घरी पोचतो.

मागून एक म्हातारा ससा म्हणाला, "पटलं, बुवा. आता आमची नावं छापायला द्यायची तर कुणाला भेटायचं, तुम्हाला की कावळ्याला?"