तात्यांचं लिंबू

आमच्या कल्याणच्या आळीत कुणाचा लोटा हरवला तर चोराला शिव्या देत नसत. सरळ तात्यांच्या ओटीवरून उचलून आणत. लोटे, ताटल्या, लिंबं, चुन्याच्या डब्या, तात्यांना सगळं लागे. देव दाखवायला.

तात्या तळ्याकाठच्या शंकराचे पुजारी. ठाण्याला कुणी पाद्री पोरांना कंदिलाच्या उजेडानं भिंतीवर चित्रं दाखवतो असं कानावर आलं नि यांनी ओटीवर शाळा मांडली. "त्यानं चित्रं दाखवावीत, आपण देव दाखवू. डोळ्यांनी पाहा, मग हात जोडा!" हे इतक्यांदा म्हणत की समोरच्या गोदूकाकूंचा पोपटसुद्धा तेच बोलायला लागला.

ताटलीत पाणी, मध्ये पेटती पणती, वर काचेचा पेला उपडा. पणती विझे, पाणी पेल्यात चढे. "पाहिलंत? अहंकार विझला की देव आपोआप वर येतो!"

माझा धाकटा दीर बाळू म्हणाला, "पण तात्या, ती गुदमरून मेली." तात्यांनी त्याला ओटीवरून खाली उतरवलं.

पोरांचा लाडका प्रयोग मात्र हळदीचा. हळदीच्या पाण्यात चुना टाकला की लालभडक. "ही वाईट संगत!" लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. "हा पश्चात्ताप! देवाजवळ पुसला जात नाही असा डाग नाही!"

हे सगळं यमू दाराआडून पाही. तात्यांची लेक. आई लहानपणीच गेलेली, नि आता नवरा. भातुकली सुटली नव्हती, तेवढ्यात कपाळ पांढरं. एक दिवस ती बाहेर आली, त्या लाल पाण्यात बोट बुडवलं आणि कपाळाला टेकवलं.

"तात्या, लिंबानं जाईलच की!"

गोदूकाकू समोरून किंचाळल्या, "अहो, रांडावलेली पोर कुंकू लावते नि तुम्ही बघताय काय? उद्या देवळाची पायरी चढून दाखवा!"

तात्यांनी लिंबाची फोड घेतली आणि सगळ्या पोरांदेखत लेकीचं कपाळ घासलं. यमू रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "पश्चात्ताप कशाचा करू, तात्या?"

शाळा त्या दिवशी मोडली. पोपट तेवढा ओरडत राहिला.

पुढं यमूला डोकेदुखी जडली. केव्हाही पाहावं तर कपाळावर हळदीचा पिवळा लेप. गोदूकाकूंनी त्यावरही नाक मुरडलं, "विधवेला हळद?"

"औषध आहे, काकू," तात्या खालमानेनं म्हणत.

एका दुपारी मी माझा लोटा आणायला गेले. "तात्या, लोटा न्यायला आलेय हो," म्हणतच दार ढकललं. यमू पाटावर बसली होती. पुढ्यात चुन्याची डबी, कपाळावरच्या लेपात लालचुटुक टिकली. पाण्यानं भरलेल्या माझ्या लोट्यात वाकून स्वतःचं तोंड न्याहाळत होती. शेजारी तात्या, हातात लिंबाची फोड. माझ्या हाकेसरशी हात तिच्या कपाळाकडे गेला नि मध्येच थांबला. रस जमिनीवर गळत होता.

"सूनबाई," ते कसंबसं म्हणाले, "डोकं दुखतं हो तिचं."

"दुखायचंच," मी म्हटलं. "लोटा राहू द्या तुमच्याकडे." आणि जाताना दार ओढून घेतलं.

यमू वयात आली त्या वर्षी, एका सकाळी तो लोटा माझ्या दारात ठेवलेला दिसला. चिंचेनं घासून लख्ख केलेला. पलीकडे तात्यांच्या परसात न्हावी वस्तरा पाजळत बसला होता.