नागोरावांचा एकमेव अपघात

नागोरावांच्या हातून अपघात झाला तो मंगळवारी दुपारी, स्वतःच्या घरात, पाटावर बसलेले असताना. तोपर्यंत सरकारी बसवर त्यांची चोवीस वर्षं अकरा महिने झाली होती आणि या एवढ्या वर्षांत नार्नूर ते आदिलाबाद रस्त्यावर त्यांच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. एकदा इंद्रवेल्लीजवळ बाभळीची फांदी बसच्या आरशाला घासली, तर या गृहस्थांनी डेपोच्या वहीत नोंद केली, ‘फांदी एक. किरकोळ जखमी.’ असा माणूस! आता बोला.

त्याचं झालं असं, की त्यांची मुलगी रेणुका बेल्लमपल्लीला दिलेली. जावई कोळशाच्या खाणीत. जावयाने हौसेने पोरांसाठी टीव्हीला लावायचा खेळ आणला आणि पोरांनी अभ्यासाला रामराम ठोकला. रेणुकाने डबा, वायरी, सगळं पिशवीत कोंबलं आणि परीक्षा होईपर्यंत राहू दे म्हणून माहेरी आणून टाकलं. नुसतं टाकून गेली असती तर ही गोष्टच घडली नसती. पण निघण्याआधी तिला आईला गंमत दाखवायची होती.

रविवारी सकाळी टीव्हीवर लड्डनचाचा नावाचं एक कार्टून लागायचं. लड्डनचाचा ढेरपोट्या, अंगात कोट, आणि जे दुरुस्त करायला जाईल ते मोडून ठेवणार. नागोरावांची बायको मालनबाई चुलीवरची भाकरी करपू द्यायची, पण लड्डनचाचा सोडायची नाही. तो खेळ याच लड्डनचाचाचा होता. त्याची पिवळी मोटार आपण चालवायची, आणि त्याच्या अख्ख्या गावात वाटेल तिकडे हिंडायचं.

“बाबा, बसा. तुमी तर डायवर हा,” रेणुका म्हणाली.

नागोरावांनी हात धुतले, पाट ओढला, बटनांच्या डबीला नमस्कार केला. “हॉर्न कुठं हाय?”

“हॉर्न नाई बाबा याले.”

“हॉर्न नाई अन् गाडी रस्त्यावर आनली? पासिंग कोनं केली हिची?”

गाडी निघाली. नागोरावांनी ती इतकी जपून चालवली, की पायी जाणारी दोन माणसं तिच्या पुढे गेली. मग चौकात डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी आडवी आली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून डुलू लागली. ती तशीच बनवलेली होती, हटणारी नव्हतीच. पण हे नागोरावांना कोण सांगणार? त्यांनी ब्रेक लावला आणि वाट पाहत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

“अवो, चाला ना आता!” मालनबाई म्हणाली.

“जाऊ दे तिले. घाईचं काम नाई.”

पंधरा मिनिटांनी रेणुकाच्या गाडीची वेळ झाली. “बाबा, हे बटन दाबा,” ती वैतागून म्हणाली, आणि नागोरावांनी दाबलं. मोटार उसळली. म्हातारी घराच्या छपरावरून उडाली, दोन कोलांट्या खाऊन पायांवर उतरली आणि मूठ उगारून कुठल्याशा भाषेत शिव्या देत निघून गेली. मायलेकी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. नागोराव मात्र पांढरेफटक पडले. ते उठले आणि टीव्हीच्या मागे जाऊन पाहू लागले.

“लागलं का तिले?” त्यांनी विचारलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पंधरा दिवसांनी डेपोत फॉर्म आला. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवणाऱ्यांचा जानेवारीत आदिलाबादला सत्कार होणार होता. स्टेजवर जोडीने बसायचं, साहेबाच्या हातून पदक घ्यायचं. नागोराव मार्चमध्ये रिटायर होणार, म्हणजे पुन्हा संधी नाही. मालनबाईने तर गल्लीत सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. कारकून दादाजीने फॉर्म वाचून दाखवला, “‘ड्युटीवर वा ड्युटीबाहेर, कोणत्याही वाहनाने, कोणत्याही जागी, लहानमोठा अपघात झाला आहे काय?’ नाई लिवा अन् सही करा.”

नागोरावांचा पेन थांबला. “दादाजी, कोनतंबी वाहन म्हंतलं का?”

“हो.”

“अन् कोनतीबी जागा?”

“हो ना. काऊन?”

“मंग एक हाय.”

दादाजीने सगळी हकिकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. “अहो, टीव्हीतली म्हातारी ते! तिले ना माय, ना बाप!”

“म्हनूनच. तिच्याकडून कोन बोलन?” नागोराव म्हणाले आणि त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘अपघात एक. वृद्ध स्त्री. वाहन पिवळी मोटार. चूक माझी.’

फॉर्मला नंबर होता, त्यामुळे दादाजीला तो फाडता येईना की गिळता येईना. कागद मॅनेजरच्या टेबलावर गेला.

“क्या नागोराव, बुढ़िया कू उड़ाए?” मॅनेजर खुर्चीतून उठलेच.

“जी साब.”

“मर गई?”

“नई साब. गाली देके गई.”

“किधर हुआ?”

“टीवी में, साब.”

मॅनेजर जवळ आले आणि त्यांनी नागोरावांच्या तोंडाचा वास घेतला. वास चहाचा होता, पण कागद तो कागद. चौकशी होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला.

दुसऱ्या दिवशी नार्नूरची गाडी नवाच ड्रायव्हर घेऊन आला. गावाला तेवढं पुरलं. नागोरावने म्हातारी उडवली! कोणाची? मग गावातल्या म्हाताऱ्या घरोघर मोजण्यात आल्या. सगळ्या सापडल्या, एक सोजरबाई सापडेना. तिच्या दाराला कुलूप होतं. संध्याकाळी तिचा पुतण्या रामाजी डोळे पुसत नागोरावांच्या दारात आला.

“काका, खरं सांगा. काकूले कुठं टाकलं?”

“अरे, ते तुही काकू नवती. तिच्या डोक्यावर टोपली होती.”

“काकूपाशीबी टोपली हाय!” म्हणून रामाजीने भोकाडच पसरलं.

तिसऱ्या दिवशी सोजरबाई नेरडीगोंड्याहून, बहिणीकडून, धडधाकट परत आली. अंगणात माणसं बसलेली पाहून तिने विचारलं, “कोन गेलं?” तिला तिचंच नाव सांगण्यात आलं. ती काठी टेकत तडक नागोरावांकडे आली. “मले उडवलं म्हंतात, अन् मले कोनी इचारलंबी नाई! दाखव कोन हाय ते म्हातारी.”

नेमके त्याच वेळी मॅनेजर पंचनाम्याला आले. सोबत दादाजी, त्यांच्या मागे अर्धं नार्नूर. नियमाप्रमाणे अपघाताची जागा पाहायला हवी होती. जागा कोपऱ्यात होती आणि तिच्यावर विणलेला रुमाल घातलेला होता. रुमाल काढला, टीव्ही लावला. मॅनेजर बराच वेळ पिवळ्या मोटारीकडे पाहत राहिले.

“ये गाड़ी? हे भगवान! चलाओ, नागोराव. कैसा हुआ, दिखाओ.”

“नई साब. मैं सस्पेंड हूँ. गाड़ी को हात नई लगाता.”

आता काय करावं? साहेबांचाच हुकूम, साहेबांना मोडता येईना. तेवढ्यात मालनबाई पदराला हात पुसत पुढे आली. “मी दाखवते,” म्हणाली आणि पाटावर बसली.

मोटार अशी निघाली, की नागोरावांचे डोळेच विस्फारले. वळणावर हळू, सरळ रस्त्यावर झपझप, ना कोणाला धक्का, ना कशाला घासणं.

“तुले कवा येऊ लागलं हे?”

“तुमी ड्युटीवर जाता तवा. पंधरा दिवस झाले.”

चौक आला. टोपलीवाली म्हातारी मधोमध डुलत होती.

“हे मी?” सोजरबाई कडाडली. “एवढी कुबडी हाय का मी?”

“हेच ते साब,” नागोराव म्हणाले. “ये हटती नई.”

मालनबाईने गाडी सरळ मागे घेतली, बाजाराच्या मागच्या बोळात घातली आणि पुलावरून पलीकडे काढली.

“अवं, रूट सोडून कुठं चालली?” नागोराव ओरडले.

“उभी राहू द्या ना तिले. दुसरा रस्ता हाय.”

पंचवीस वर्षं नागोरावांनी एकच रस्ता चालवला होता. रस्त्यात कोणी आलं तर थांबायचं, एवढंच त्यांना माहीत. गाव मागे पडलं, शेतं गेली, आणि पडद्यावर एकदम निळंच निळं आलं. मालनबाईने गाडी थांबवली.

“हा समुद्र,” ती हळूच म्हणाली. “मी रोज येते इथं. गाडी उभी करते, पाच मिनिटं बसते, अन् सैपाकाले वापस जाते.”

नागोरावांना फार वाईट वाटलं. हजारो माणसांना त्यांनी ज्याच्या त्याच्या गावी सोडलं होतं, पण बायकोला आदिलाबादच्या पुढे कधी नेलं नव्हतं. म्हातारी उडाली तेव्हासुद्धा त्यांना इतकी लाज वाटली नव्हती.

मग मॅनेजर म्हणाले, “जरा मेरे कू देव.” दोन मिनिटांत त्यांनी दिव्याचे दोन खांब आणि मासळीचं एक दुकान आडवं केलं आणि घाम पुसत डबी परत दिली. “दादाजी, जैसा देखे वैसा लिख लो. जास्ती नक्को, कम नक्को.”

दादाजीने लिहिलं. नागोराव, पिवळी मोटार, अपघात एक. श्रीमती मालनबाई, तीच मोटार, तेच गाव, पंधरा दिवस, अपघात शून्य. खांबांपाशी त्याने साहेबांकडे पाहिलं आणि खांब-दुकान तेवढं गाळलं.

फाइल आदिलाबादला गेली. ती परत येईपर्यंत नागोराव घरीच होते. रोज दुपारी मालनबाई गाडी काढायची आणि ते पाटाशेजारी मांडी घालून बसायचे. आधी ‘हळू घे, हळू घे’ म्हणायचे. मग तेही बंद झालं. डिसेंबर संपता संपता चिठ्ठी आली: एक तारखेपासून ड्युटीवर हजर व्हावे, आणि सत्काराला उभयतांनी यावे. मालनबाईने देवापुढे साखर ठेवली. नागोरावांनी खाकी डगला दोनदा धुतला.

आदिलाबादला मोठा मांडव होता. एकेक नाव पुकारलं जात होतं. नागोराव डगल्याची बटनं चाचपत उठायच्या तयारीत बसले होते.

“विनाअपघात वाहनचालक, श्रीमती मालनबाई नागोराव!”

आदिलाबादच्या ऑफिसाने फाइल अगदी बारकाईने वाचली होती. अपघातवाला वगळला होता आणि बिनअपघाताची घेतली होती. मॅनेजर पहिल्या रांगेत बुटांकडे पाहू लागले. चूक दाखवायची तर खांबांपासून सुरुवात करावी लागली असती.

“अवो, हे तुमचं हाय,” मालनबाई कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते.

पंचवीस वर्षांचं पदक होतं ते, नागोरावांच्या जिवाला लागलंच. मग त्यांनी तिला कोपराने ढोसलं. “लिवलेलं खरंच हाय ना? ऊठ. नीट चढजो.”

मालनबाईच्या गळ्यात पदक पडलं. टाळ्या सगळ्यांत जोरात कोणी वाजवल्या ते सांगायला नको. मग विजेत्याच्या जोडीदाराचा मान म्हणून नागोरावांना वर बोलावलं. स्टेजवरच्या मोठ्या साहेबांनी ढिगातलं वरचं ताट उचललं आणि मान वर न करताच त्यांच्या हातात दिलं. नारळ, हिरव्या बांगड्या आणि जरीकाठाचं लुगडं. मांडवात खसखस पिकली. साहेबांनी चपापून वर पाहिलं, समोर खाकी डगल्यातला मिशीवाला माणूस लुगडं दोन्ही हातांवर घेऊन उभा.

काहीतरी बोलायला हवं म्हणून साहेबांनी विचारलं, “और आप क्या करते?”

नागोरावांना खोटं बोलता येत नव्हतंच. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं.

“बाजू में बैठता हूँ, साब.”