बटणाला ओ देणारे शौकतभाई

भोरच्या बाजारपेठेत कुणी "ओ भाई!" म्हणून हाक मारली, की आमचे शौकतभाई "ओऽ" देतात. हाक दुसऱ्याच भाईला असली तरी. "हाक वाया जाऊ नये," म्हणतात.

आमच्या कॉम्प्युटर क्लासात मी टायपिंग शिकवते, ते प्रोग्रॅमिंग. बटण दिसलं की त्यांना राहवत नाही. सारोळ्याला एकांकडे गेलो होतो. बेल वाजेना. दार ठोठावलं. दार उघडेपर्यंत भाईंनी बेलचं झाकण काढलेलं! घरमालक म्हणाले, "या, आत या." भाई म्हणाले, "आदी हिचं बघू, मग चहा."

वर्गातही तेच. "पडद्यावर बटण काढाल तुमी. पण दाबल्यावर ओ कोण देणार? तो नेमायला लागतो. त्याला म्हणायचं कॉलबॅक."

पासलीची सुजाता एकदा रडकुंडीला आली. बटण दाबल्यावर "भात शिजला" म्हणायचा तिचा प्रोग्रॅम उघडल्या उघडल्याच ते सांगून मोकळा व्हायचा, आणि बटण दाबलं की ढिम्म. भाईंचा चेहरा खुलला.

"कॉलबॅकच्या नावाफुडं कंस टाकलास व्हय? अगं, बटणापाशी नुसतं नाव सांगून ठिवायचं. कंस टाकला म्हंजी तूच हाक मारलीस. पाव्हणं आवतनाआदीच जेवून गेलं, आता पंगतीला कोण बसणार?"

कंस काढला. बटण बोलायला लागलं. सुजाता ते पुन्हा पुन्हा दाबत राहिली आणि भाई डोळे मिटून ऐकत राहिले.

एक मात्र मला उमगत नव्हतं. शिकवता शिकवता त्यांच्या फोनवर घंटी वाजायची आणि वाक्य अर्धवट टाकून भाई मागच्या गल्लीतल्या घरी पळायचे. परत येऊन वाक्य पुरं करायचे. विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई."

एका दुपारी ते असेच गेले आणि क्लासची किल्ली विसरले. ती द्यायला मी घरी गेले. खाटेवर त्यांची आई, कडेला भाई बसलेले. अर्धांगवायूनं वाचा गेलेली. उशाशी टॅब, त्यावर भाईंनी केलेली ठसठशीत बटणं: पाणी, कूस, खिडकी. ती दाबली की स्वयंपाकघरात भाभींचा फोन वाजतो. खालचं हिरवं बटण मात्र कोरं होतं.

"भाई, ह्याच्यावर लिहायचं राहिलं?"

"राहिलं न्हाई. कदी कदी अम्मीला काहीच नको असतं. तवा तिनं काय दाबायचं?"

इतक्यात अम्मींनी तेच दाबलं. भाईंच्या खिशात घंटी वाजली.

"अगं, हितंच बसलोय की!"

अम्मींच्या ओठांची एक बाजू हलली. त्या हसत होत्या. त्यांनी पुन्हा दाबलं, मग पुन्हा. भाईंनी घंटी बंद केली नाही. खाटेवर आणखी जवळ सरकून बसले आणि अम्मींचे पाय मांडीवर घेतले.

मी किल्ली तशीच मुठीत धरून बाहेर पडले. त्या दिवशी त्यांचा वर्ग मीच घेतला.