मापारीभाऊंची हरकत

इंटरनेटविरुद्धची तक्रार रजिस्टर पोस्टानं पाठवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो खामगावात माझ्या शेजारीच राहतो. दिल्लीच्या नियामक कार्यालयानं इंटरनेट कंपन्यांच्या नियमांबद्दल लोकांच्या हरकती मागवल्या, की आमचे मापारीभाऊ पोस्टात हजर. मी एकदा सुचवलं, "भाऊ, ईमेल करा. फुकट जातो."

"काऊन गुरुजी? चोराच्या विरोधातला कागद चोराच्याच हातात देऊ?"

भाऊंनी सारी नोकरी कापसाच्या बाजारात वजन करण्यात घालवली. गाड्या येतील त्या क्रमानं काट्यावर; मग व्यापाऱ्याचा ट्रक असो की कुणाची बैलगाडी. एकदा एका पुढाऱ्याची गाडी मध्येच घुसली, तर भाऊ काट्यावर मांडी घालून बसले. "आता माहंच वजन करा," म्हणाले. लग्नाच्या पंगतीतही बड्या पाहुण्याला आधी वाढलं तर ते पानावरून उठतात. अर्थात, जिलेबी खाऊन झाल्यावर.

ताजं भांडण गजाननमुळे लागलं. गजानन आमच्या भागाचा केबलवाला, इंटरनेटही त्याचंच. त्यानं नवी योजना आणली: सिनेमे आणि क्रिकेट सुसाट, बाकी सगळं रखडत. गल्ली खूश, मीही खूश. भाऊंचा व्हिडिओ कॉल मात्र धापा टाकायला लागला. त्यांचा धाकटा भाऊ पांडुरंग जानेफळला असतो. दर रविवारी सकाळी दहाचा तो कॉल म्हणजे भाऊंचा सण, आणि त्या सणावरच गदा आली.

भाऊंनी गजाननला पारावर गाठलं.

"वायर माही, खांब माहे," गजानन म्हणाला. "कोनाले पयले सोडाचं ते मी पाहीन. सरकारचा काय संबंध, भाऊ?"

"वायर तुही हाय ना? मंग वायरीपुरतं पाह्य. तिच्यातून कोन कोनाशी बोलते, त्यात तुहं नाक काऊन?"

"पटत नसन तं दुसऱ्याचं घ्या."

"दुसरा कुठी हाय?"

दुसरा नव्हताच. मी शहाणपणा केला. म्हणालो, "सरकारनं नियम केले की फॉर्म येतात, फॉर्म आले की साहेब येतात. आहे ते गोड मानून घ्या." मी पाणी मारलेला कापूस काट्यावर आणल्यासारखं भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. हरकत चार पानांची झाली. शेवटी एक ओळ माझ्यावरही होती: 'शेजारी गुरुजी फितूर.'

ती ओळ खोडून घ्यायला मी रविवारी त्यांच्याकडे गेलो. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून, मोबाईल डब्याला टेकवून बसले होते. पडद्यावर पांडुरंग होता. हात छातीशी, बोटं अर्धवट उघडी. चित्र अडकलं होतं.

"अडकू द्या की," मी म्हणालो. "आवाजावर बोला."

"तो जल्मापासून बोलत नाई, गुरुजी. आयकूबी येत नाई त्याले."

भाऊ पडद्यावरची नजर न काढता सांगत राहिले. खुणा शिकवणारं तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून मायनं आणि या दोघांनी घरातच खुणा जमवल्या. मिशी पिळली की बाप, कान ओढला की बकरी. माय पुढे वारली.

"आता ही बोली आमा दोघांलेच येते. घरचे त्याले जीव लावते, जेवू घालते. पन बोलाले मीच हाय."

चित्र हललं. पांडुरंगचा हात खाली आलेला होता. काय सांगितलं ते मधल्या मध्ये गेलं होतं. भाऊंनी खुणेनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा हात छातीशी नेला आणि चित्र पुन्हा अडकलं. मला माझी लाज वाटली. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसलो.

"काय म्हणतोय?" मी हळूच विचारलं.

"छातीशी हात म्हंजे माय," भाऊ म्हणाले. "मायचं कायतरी सांगून राह्यला. पुढची बोटं दिसत नाईत."