वळताना दाखवायचं

बिट्टीच्या बाबांची पिवळी स्पोर्ट्स कार दोन वर्षांत एकदाही चाळीसच्या पुढे गेली नव्हती, आणि याचं बाबांना सोडून घरातल्या सगळ्यांना वाईट वाटत होतं. गाडीला तर वाटतच असणार. पण बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्ध्या गावाला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं होतं, त्यामुळे कुठल्याही रस्त्यावर कोणी ना कोणी विद्यार्थी निघायचाच, आणि विद्यार्थ्यांदेखत सरांनीच गाडी पळवायची म्हणजे झालंच. म्हणून ती बुटकी, घशात डरकाळी दाबून धरलेली गाडी दुधाच्या टेम्पोमागून निमूटपणे चालायची.

"स्कूलची गाडी उन्हात तापते आणि ही महाराणी गॅरेजमध्ये," आई म्हणाली. "विकून टाका आता."

"मी घेतो की, भाऊजी," मामा लगेच म्हणाला. तो वर्षभर त्या गाडीभोवती बोक्यासारखा घुटमळत होता. "निदान चालवीन तरी."

बिट्टीने दचकून मामाकडे पाहिलं. अठरा वर्षं पूर्ण झाली की ही गाडी आपली, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. घरात सांगायचं तेवढं राहिलं होतं. मग तिनेच शोधाशोध करून नवशिक्यांसाठीचा ट्रॅक डे हुडकून काढला. आपली गाडी न्यायची, खऱ्याखुऱ्या रेसच्या ट्रॅकवर चालवायची, शिकवायला कोच असणार.

"तिथे तुमचा एकही विद्यार्थी नसेल, बाबा," ती म्हणाली. हे शेवटचं वाक्य रामबाण ठरलं.

आईने मात्र अट घातली. "दिवसभरात एक गाडी मागे टाकून दाखवा. फक्त एक. टाकलीत तर विकायचं नाव काढणार नाही. नाही टाकलीत, तर चावी याच्या हातात."

"एकच?" बाबा मिशीत हसले. "अगं, मी शिकवतो गाडी."

नेमकी तीच तर अडचण होती, पण ती कळायला ट्रॅकवर जावं लागलं.

बाबा आणि बिट्टी पिवळ्या गाडीतून गेले. आई आणि मामा मागून स्कूलच्या पांढऱ्या गाडीतून आले. टपावर 'शिकाऊ'ची पाटी आणि शेजारच्या सीटसमोर सरांचा जादा ब्रेक असलेली ती गाडी. कोच होती एक कापलेल्या केसांची, शांत चेहऱ्याची बाई. सगळ्यांना गोळा करून तिने नियम सांगितले. "पुढे जायची घाई करायची नाही. पुढच्या गाडीने इंडिकेटर दिला, तरच ती ओलांडायची. ट्रॅकवर इंडिकेटरचा अर्थ एकच: मी बाजूला राहतो, तुम्ही पुढे व्हा. कळलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांची मान सगळ्यात जोरात डोलली.

पहिली फेरी सुरू झाली. ट्रॅकच्या तोंडाशी बाबा पूर्ण थांबले, दोन्हीकडे बघितलं आणि मगच आत शिरले. कठड्यापाशी उभ्या बिट्टीने कपाळाला हात लावला. पहिलं वळण आलं. पिवळ्या गाडीचा इंडिकेटर लुकलुकला. मागची चंदेरी गाडी सुळ्ळकन पुढे गेली. दुसरं वळण, पुन्हा लुकलुक, आणि आता निळी गाडी पुढे. त्या ट्रॅकवर वळणं काही कमी नव्हती. बाबांनी एकही चुकवलं नाही.

"भाऊजी दुकान उघडून बसलेत," मामा खूश होऊन म्हणाला. "या, बसा, पुढे व्हा."

बाबा हेल्मेट काढत बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "काय सभ्य माणसं आहेत इथली. प्रत्येकजण जाताना हात करत होता."

"ते आभार मानत होते, सर," कोच म्हणाली. "तुम्ही सगळ्यांना पुढे सोडलंत. इंडिकेटर देऊ नका."

"पण मी वळत होतो."

"रस्ताच वळतोय, सर. सगळेच वळतायत. सांगायची गरज नाही."

"न सांगता वळायचं?" बाबांनी असं विचारलं, की जणू कोणी त्यांना बिनकपड्यांचं बाजारात जायला सांगत होतं.

दुसऱ्या फेरीत कोचने इलाज केला. इंडिकेटरच्या दांडीवर तिने चिकटपट्टी गुंडाळली, चांगले चार वेढे. बिट्टीला हायसं वाटलं. पहिल्या वळणापाशी बाबांचा हात दांडीकडे गेला, चिकटपट्टीवर अडखळला, क्षणभर तिथेच घुटमळला. आणि मग खिडकीतून बाहेर आला. अख्खा. बोटं जुळवलेला, तळवा पुढे, ड्रायव्हिंग टेस्टला दाखवतात तसा.

ट्रॅकवर असा हात बाहेर काढणं म्हणजे गाडी बिघडली, वाचवा.

क्षणात धोक्याचे पिवळे झेंडे हलायला लागले. सगळ्या गाड्या मुंगीच्या गतीने चालू लागल्या. कुठूनतरी भोंगा वाजवत गाडी ओढणारा ट्रक निघाला आणि बाबांच्या मागे लागला. आता, मागून भोंगा आला की वाट द्यायची, हा बाबांचा विद्यार्थ्यांना पहिला धडा. त्यांनी ट्रकला वाट देण्यासाठी गाडी कडेला घेतली. ट्रकही मागोमाग कडेला आला. बाबांनी "जा, जा" असा हात केला. ट्रकवाल्याने बाहेर उडी मारून पिवळ्या गाडीला हूक अडकवला.

ट्रक गाडी ओढत परत आला तेव्हा मामा हसून हसून खाली बसला होता. मोबाइलवर त्याने सगळं टिपलं होतं.

"माझी होणारी गाडी जरा जपून ओढा," तो ट्रकवाल्याला म्हणाला.

कोचने मात्र शांतपणे सांगितलं, की आता आणखी एक चूक झाली तर घरी जावं लागेल. शेवटची फेरी उरलीय. ती सोबत आलेल्यांनाही खुली आहे, तेव्हा गर्दी असेल, सांभाळून.

बाबा टायरच्या ढिगावर बसले. मांडीवर हेल्मेट, चष्म्यावर वाफ. पहिल्याच टेस्टला नापास झालेली पोरं ऑफिसबाहेरच्या बाकावर बसतात, तसे. आईने जवळ जाऊन त्यांचा चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत त्यांच्या नाकावर ठेवला, आणि मामापुढे हात पसरला.

"पांढऱ्या गाडीची चावी दे."

"तू जाणार, ताई? ट्रॅकवर?"

"सोबतच्यांना खुली आहे म्हणे."

मामाचे डोळे चमकले. "भले. आपण भाऊजींच्या पुढेच राहायचं, हलायचंच नाही. मी ब्रेकपाशी बसतो."

"पाय वर घेऊन बस," आई म्हणाली.

बिट्टी मागे बसली, हेल्मेट घालून. टपावर 'शिकाऊ'ची पाटी मिरवत पांढरी गाडी ट्रॅकवर उतरली आणि आईने वेग पकडला तो बरोबर चाळीस. वळणावळणावर ती इंडिकेटर देत गेली, तशा चंदेरी, निळी, सगळ्या मागून येऊन भुर्रकन निघून गेल्या. इतक्या संथ गतीने आई मंडईतही जात नाही, हे बिट्टीच्या ध्यानात आलं.

मग आरशात पिवळा ठिपका दिसला. तो मोठा होत होता. वळणावर लुकलुक नाही, खिडकीबाहेर हात नाही. आणि आवाज. गेली दोन वर्षं घशात दाबलेली ती डरकाळी आता पूर्ण बाहेर आली होती.

पिवळी गाडी अगदी मागे येऊन चिकटली आणि तिथेच राहिली. पुढच्याने इंडिकेटर दिल्याशिवाय ओलांडायचं नाही, हा नियम होता, आणि नियम मोडणाऱ्यांपैकी बाबा नव्हते. एक वळण गेलं. दुसरं गेलं. आता मात्र आईने इंडिकेटर दिला नाही.

"शाब्बास, ताई," मामा कुजबुजला. "आता फक्त हा सरळ पट्टा, की संपलं."

समोर रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. आईने आरशात पाहिलं. नाकावर घसरलेलं हेल्मेट सारखं केलं. आणि एका बोटाने दांडी खाली केली.

टिक, टिक, टिक.

पिवळा झोत शेजारून गेला. बिट्टीला बाबांचा चेहरा जेमतेम दिसला. तोंड उघडं होतं, बहुधा ओरडत असावेत.

"इंडिकेटर कशाला दिलास?" मामा रडकुंडीला आला.

"वळणार होते."

"कुठे? भिंतीत?"

"सवय रे. यांच्याकडेच शिकलेय ना मी."

घरी जाताना बिट्टी पिवळ्या गाडीत बसली. बाबा पुन्हा चाळीसने चालले होते, पण शीळ घालत. बाहेरच्या फाटकापाशी त्यांनी गाडी थांबवली आणि आधी तिला दांडीवरची चिकटपट्टी सोलून काढायला लावली. बिट्टीला राहवेना.

"बाबा, आईने इंडिकेटर दिला तिथे वळण नव्हतंच."

"माहितेय." बाबांनी आरशात पाहिलं. मागे पांढरी गाडी थांबली होती. "सरळ रस्त्यावर इंडिकेटर देणाऱ्याला मी सरळ नापास करतो."

त्यांनी इंडिकेटर दिला, दोन्हीकडे बघितलं.

"या वेळी सोडून देऊ," ते म्हणाले, आणि वळले.