प्राजक्ताचे अनधिकृत वास्तव्य

कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या केंद्रीय अधिकारी वसाहतीत, ऐन दुर्गापूजेच्या तोंडावर, एका प्राजक्ताने फुलणे बंद केले. ही बाब उद्यान समितीचे अध्यक्ष शरच्चंद्र देवस्थळी यांच्या निदर्शनास सकाळच्या चहाबरोबर आणून देण्यात आली. तक्रारदार त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई असल्याने तक्रार खालच्या विभागाकडे ढकलायची सोय नव्हती.

"तुमच्या बदल्यांपायी सहा गावांत सामान लावलं मी," त्या म्हणाल्या. "घर वाटलं ते फक्त या झाडाखाली. काहीतरी करा हो."

शरच्चंद्रांनी माती-परीक्षणाचं काम करणाऱ्या भाचीला, अनुजाला, बोलावून घेतलं. तिने माती तपासली आणि भोवतालच्या सुबाभळींकडे बोट दाखवलं. चार वर्षांपूर्वी, तपासणी तोंडावर आली असताना, भराभर वाढतात म्हणून त्या लावल्या गेल्या होत्या.

"मामा, यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत आणतात. पाला गळून कुजला की त्यात आणखी भर. एवढा नत्र प्राजक्ताला सोसत नाही, नुसती पानं येतात. आता या मातीत सुबाभळीचीच रोपं माजतील. सुबाभूळ मुळात बाहेरचं, मेक्सिकोकडचं झाड आहे, काढून टाका."

अहवाल समितीपुढे आला. मातीची श्रीमंती वाढवल्याबद्दल सुबाभळींचे अभिनंदन करण्यात आले. उपलब्ध नत्राचा उपयोग न केल्याबद्दल प्राजक्ताला लेखी समज देऊन ती खोडावर डकवण्यात आली. महिनाभरात त्याच्याकडून खुलासा आला नाही.

"पण सुबाभूळ बाहेरची आहे," शरच्चंद्र पुढच्या बैठकीत चाचरत म्हणाले.

"साहेब, इथे बाहेरचं कोण नाही?" सचिव केदार बापटांनी विचारलं.

दर तीन वर्षांनी बदली होणारे समितीचे सदस्य एकमेकांकडे पाहू लागले. मग व्याख्या ठरली: तीन वर्षांहून अधिक सलग वास्तव्य आणि लागवडीची नोंद असेल तो स्थानिक. या कसोटीला संपूर्ण वसाहतीत फक्त सुबाभूळ उतरली. प्राजक्त वसाहतीच्याही आधीपासून तिथे होता. त्यामुळे त्याला कोणी लावल्याची नोंद नव्हती. सबब तो अनधिकृत ठरला.

प्राजक्त तोडण्याचा ठराव मताला आला. शरच्चंद्रांचा पुण्याच्या बदलीचा अर्ज ज्या साहेबांकडे पडून होता, तेच यंदा तपासणीला येणार होते, आणि त्यांना हिरवळ प्रिय होती. शरच्चंद्रांना मीनाक्षीबाईंचा चेहरा आठवला. खूप वाईट वाटलं. त्यांनी हात वर केला.

साहेब आले. तोडलेल्या प्राजक्ताच्या जागी, देवस्थळींच्या खिडकीखाली, सुबाभळीची रोपं छातीपर्यंत माजली होती. "वा! काय हिरवंगार आहे!" साहेब म्हणाले. शरच्चंद्रांची पुण्याला बदली झाली.

"आता तरी खूश ना?" खोकी बांधता बांधता शरच्चंद्रांनी विचारलं.

"कुठेही न्या," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "मला आता सगळीकडे सारखंच."

निघताना शरच्चंद्रांनी वसाहतीचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. 'किती हिरवं आहे हो तुमच्याकडे!' असं एकजात सगळ्यांनी कळवलं. कसली झाडं, हे एकानेही विचारलं नाही. वाचकहो, तुम्हालाही पाठवला असता. पण तुमचं उत्तर समितीने आधीच गृहीत धरलं आहे.