चार वाजता उठणारं गाव

रामराम घालायच्या ऐवजी वानखडे सर समोरच्याला विचारायचे, "आज किती वाजता उठले?" मग दुसरा प्रश्न, उठल्यावर आधी काय केलं. उत्तर मिळालं की खिशातली वही काढून दोन रकान्यांत टिपून घ्यायचे. बाजारात वांगी घेताना विचारायचे, पोस्टात विचारायचे, आणि एकदा तर मयतीला गेले तेव्हा खांदेकऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही.

डोणगावच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. आमची घरं भिंतीला भिंत लागून. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट होतं. सरांनी त्यात लाजाळूची कुंडी कोंडून ठेवली होती. हेडमास्तर नकाशा काढायला गेले तर आत झाड. सर शांतपणे म्हणाले, दार लावा, प्रयोग बिघडते. उजेड न दिसताही त्याची पानं सकाळी उघडतात नि सांजेला मिटतात, हे ते रोज हळूच फट करून बघत.

"झाडाच्या आंगात घड्याळ हाये," ते मला म्हणाले, "मंग मानसाच्या नसन काय?"

आम्ही शिक्षकांनी या घड्याळावरून त्यांची पुष्कळ चेष्टा केली. मी तर सगळ्यांत जास्त.

या विचारपुशीचं खरं कारण शेजारी राहूनही मला उशिराच कळलं. त्यांची बायको, आमच्या सुमनवहिनी, पहाटे चारला जाग्या व्हायच्या आणि तशाच पडून राहायच्या. सकाळी त्यांच्याने पाण्याचा गडू उचलवत नसे. दिवस कलला की हळूहळू माणसात यायच्या आणि दिवेलागणीला वेणीफणी करून भाकरी थापायला बसायच्या. डॉक्टरला दुखणं सापडत नव्हतं. संध्याकाळी बरी असते म्हणजे सकाळचं ढोंग आहे, असं माहेरच्यांनीही ठरवून टाकलं होतं. हा आजार की स्वभाव, एवढंच सरांना शोधायचं होतं.

दोन वर्षांत वही भरत आली. निकाल असा लागला की सगळं गाव चार-साडेचारला उठतं आणि लगेच कामाला लागतं. सरांनी तो वहिनींना वाचून दाखवला. सारं गाव उठते, तूच काऊन पडून राह्यते, असं ते त्यांना रोज सकाळी समजावू लागले.

एका संध्याकाळी वहिनी आमचं कढीचं पातेलं परत द्यायला आल्या. पातेलं ठेवलं, पण गेल्या नाहीत.

"भाऊ, तुमी बी चारले उठता न?" त्या म्हणाल्या. "तवा तुमच्या छातीवर दगड ठेवल्यावानी होते काय? सारं गाव ते कसं सोसते, मले तेवढं सांगा."

मी साडेसातला उठत होतो. वहीत माझ्या नावापुढे चार होते आणि पुढे 'वाचन'. मास्तराने उठायची वेळ विचारली की पहाटेचीच सांगायची, हे शाळेपासून आमच्या अंगात मुरलेलं. मास्तर झालो तरी ते गेलं नव्हतं. इतरांनीही तेच केलं होतं. पहाटे उठणारे शेतकरीसुद्धा खऱ्यापेक्षा दीड-दोन तास आधीची वेळ सांगून मोकळे झाले होते. मला माझीच लाज वाटली.

मी तसाच सरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. वही उघडून एकेका नावावर बोट ठेवत गेले आणि मी माहीत होतं ते सांगत गेलो. किराणावाला सहाला. पोस्टमन सातला. हेडमास्तर चहा आल्याशिवाय नाही. शेवटी बोट वहिनींच्या नावावर येऊन थांबलं.

"म्हंजे त्या वक्ताले ही एकलीच जागी असते," ते म्हणाले. "आन् मी तिले सांगून राह्यलो, सारं गाव संगं हाये."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. लोकांना चुकल्यासारखं झालं. किराणावाला तर आपणहून वेळ सांगायचा.

काही महिन्यांनी, सरांनी वहीत काढलेली लाजाळूची आकृती शाळेच्या हस्तलिखितासाठी हवी म्हणून मी ती वही मागून घेतली. शेवटच्या पानांवर दोनच नावं होती, वहिनींचं आणि त्याखाली सरांचं. वेळ दोघांची एकच, चार. उठल्यावर काय केलं, या रकान्यात सरांच्या नावापुढे रोज तेच लिहिलं होतं: 'जवळ बसलो.'